राजाला घरच्या नावाने हाक

ओलं प्रूफ खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं केवळरामला झालं. ‘राजा रत्नकेतू’, मग टिंबांची रांग, आणि रांगेच्या शेवटी ‘इस्तारी’. शाई अजून चमकत होती. इस्तारीला जाऊन सहा महिने झाले होते. वैशाखात गेला तो, आणि आता कार्तिक उतरणीला लागला होता. भैयाजींनी जांभळ्या पेन्सिलीनं लिहून दिलेला कागद समोर टाचलेला होता आणि त्यावर त्या जागी स्वच्छ ‘मुखरू’ असं होतं. केवळरामनं तो कागद वाचला होता, दोनदा वाचला होता. पण कंपोझिटरचे डोळे कागदावर असतात आणि हात खिळ्यांच्या खणांत. अकरा वर्षं दर कार्तिकात तेच हस्तपत्रक, त्याच टिंबांपुढे तेच नाव. डोळ्यांनी मुखरू वाचलं आणि बोटांनी इस्तारी उचललं. डोळ्यांना कळलं होतं, कानांना कळलं होतं, तेराव्याचं जेवण जेवलेल्या तोंडालाही कळलं होतं. बोटांना कुणी कळवलंच नव्हतं.

“काय झालं केवळभाऊ, भूत पाह्यलं का?” मशीनवरच्या लच्छूनं पायटा न थांबवता विचारलं. केवळराम म्हणाला, “नाई, एक नाव चुकलं.” “मंग काढा ना. चार-पाच खिळ्यायचं तं काम हाये.” खरंच तेवढंच काम होतं. चिमटा हातात होता, चौकट समोर होती, शिशाचे खिळे उलटे उभे होते. आणि उलटं वाचायची इतक्या वर्षांची सवय असूनही त्याला ते नाव आज वाचता येईना, नुसतं दिसत होतं, तलावाच्या पाण्यात आपलं तोंड दिसतं तसं. जटपुऱ्याच्या बाजूनं टांग्यांचे आवाज येत होते. कुणी तरी कुणाला तरी लांबून बोलावत होतं, आणि ज्याला बोलावलं तो ओ देत नव्हता. केवळरामचा चिमटा हवेतच थांबला. हल्ली असंच व्हायचं. चांदा शहरात दिवसभर माणसं एकमेकांना नावानं बोलावतात हे त्याला पूर्वी कधी ठाऊकच नव्हतं. आता प्रत्येक हाकेला तो थांबायचा, ओ येईपर्यंत पाऊल उचलायचा नाही. ओ आली की मग श्वास सोडायचा. घरी बायको, आशाबाई, म्हणायची, तुमाले ऐकू कमी येते का जास्त, काही समजत नाई मले.

भैयाजी स्वतःच आले प्रूफ न्यायला. धोतराचा सोगा हातात, बगलेत छत्री, शाळेतून परस्पर आलेले. मंडळीचे मालक म्हणायचं ते म्हणायला. खरं तर चौथीचे मास्तर. तरुणपणी कुणाच्या तरी माळ्यावर त्यांना एक जुना ओवीबद्ध ग्रंथ सापडला, कसरीनं कडा खाल्लेला, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं की हे ग्रंथ माळ्यावर मरायला लिहिले नाहीत, ते धानाच्या बांधीत गेले पाहिजेत. त्यातल्या एका आख्यानाचं त्यांनी नाटक केलं. आठ माणसं, बैलांची दोन खासरं, एक पडदा. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागल्या की मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शी, जिकडे बैल जाईल तिकडे. भैयाजींनी प्रूफ पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.  मग म्हणाले, “राहू द्यावंसं वाटते गा. पण लोक विचारतीन.”

“भैयाजी,” केवळराम म्हणाला, “यंदा मी येत नाई.”

“काऊन?”

“असंच.”

“असंच सासुरवाडीले जात नसते माणूस, खेळाले कसा येत नाई? पुस्तक घेऊन कोण बसन? मुखरूले चार ओळीच्या वर पाठ राह्यत नाई. तो राजा होऊन राह्यला अन् तू घरी बसून राह्यला, मंग मी काय पडद्याले नाटक करायले लावू?” केवळराम हसला नाही हे पाहून भैयाजींचा आवाज खाली आला. “बरं, ते मंग पाहू. आधी एक काम कर. मोहबोडीले जाऊन ये. पहिला खेळ तिथीच हाये. इस्तारीच्या गावात, त्याच्या बायकोसमोर, दुसऱ्याच्या डोक्यावर तो मुकुट ठेवाचा तं तिले विचारलं पाहिजे. मी जातो म्हटलं असतं, पण मी गेलो तं ती पदर सावरून हो म्हणन. तू तिचा भाऊ हायेस. तुले ती खरं सांगन.”

तू तिचा भाऊ आहेस. हेच तर होतं. त्यानं चिमटा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदा फोर्टच्या स्टेशनातून ती लहान गाडी सुटली तेव्हा केवळराम खिडकीला होता. ही गाडी इतकी हळू चालायची की इस्तारी म्हणायचा, पुढच्या डब्यातून उतरून, बोरं तोडून, मागच्या डब्यात चढता येते. सागाची पानं वाळून रुळाच्या कडेला पडली होती, मोठी मोठी, पत्रावळीएवढी. मधेच धानाच्या बांध्या यायच्या, कापलेल्या धानाचा ओलसर, गोड वास डब्यात शिरायचा आणि पुन्हा जंगल मिटायचं. केवळरामचे ओठ हलत होते. समोर बसलेल्या बाईला वाटलं जप करतो आहे. तिनं पोराला गप्प केलं. जप नव्हता. अकरा वर्षं पडद्याआड बसून दुसऱ्यांची वाक्यं त्यांच्याआधी पुटपुटायची सवय लागलेला माणूस तो. आता इस्तारीच्या बायकोला, कुंताला, काय सांगायचं हे तो पुटपुटत होता, आणि त्यावर कुंता काय म्हणेल तेही तोच पुटपुटत होता. वैनी, एक सांगाचं होतं. सांगा ना भाऊ. माझ्या हातून एक चूक झाली. इथं कुंता गप्प. किंवा इथं कुंता म्हणते, मले वाटलंच होतं. किंवा जाळं फेकून आत जाते आणि दार लावते. तीनही त्यानं लिहून पाहिली, खोडली, पुन्हा लिहिली. प्रत्येकात शेवटी तो मोहबोडीच्या तलावाच्या पाळीवरून एकटा परत येत होता आणि मागं त्या अंगणात त्याला भाऊ म्हणणारं कुणी उरलेलं नव्हतं. बहीण नव्हती त्याला. दिवाळीच्या भाऊबीजेला सहा वर्षं त्याला ओवाळलं होतं ते कुंतानं. यंदा सुतक धरून तो गेला नाही, निदान घरी तरी त्यानं तसंच सांगितलं होतं.

आख्यान तसं साधं होतं. राजा रत्नकेतूच्या घरी त्याचा वैरी पाहुणा म्हणून येतो. प्रधान त्याच्या ताटात विष घालतो. राजाला ऐनवेळी कळतं. पाहुण्याला सांगावं तर आपल्या घरचा माणूस उघडा पडतो, न सांगावं तर पाहुणा मरतो. राजा हसतहसत ताटं बदलतो आणि ते अन्न स्वतः जेवतो. एवढंच. पण इस्तारी ते जेवण असं जेवायचा की बांधीतली माणसं श्वास रोखायची. ढिवराचा पोर, तलावात जाळं टाकून मोठा झालेला, शाळेचं तोंड दोन वर्षं पाहिलेला. त्याच्या तोंडून त्या जुन्या ओव्या निघाल्या की वाटायचं, लिहिणाऱ्यानं त्या पाण्याकाठीच बसून लिहिल्या. विष म्हणजे मुरमुऱ्याचा लाडू. तो लाडू कुंता बांधून द्यायची, आणि खेळ संपला की इस्तारी तक्रार करायचा, आजचं विष जराक बेचव झालं गा, गूळ कमी पडला. एटापल्लीला गेले तेव्हा समोरच्या माणसांना मराठी चार शब्दांपलीकडे कळत नव्हती. गोंडीत कुणी समजावून सांगायला नव्हतं. तरी ताट बदललं तेव्हा सगळे कळल्यासारखे पुढं सरकले, आणि बुधरी नावाची एक म्हातारी काठी टेकत उठली, मंचावर चढली, राजाच्या हातातला लाडू तिनं काढून घेतला आणि पदराला बांधून शांतपणे जाऊन बसली. इस्तारीला त्या दिवशी विष न खाताच मरावं लागलं. मेला तोही असा की म्हातारीकडे पाहत, माफी मागितल्यासारखा. नंतर तिनं तो लाडू खाल्ला की पुरला, यावरून खासरात परतताना दोन कोस वाद चालला होता.

आणि मेल्यावर त्याला उठवायचं असायचं. ही रीत गुणवंतबुवांची. बुवा कीर्तनकार; केवळराम पोरवयापासून त्यांच्यामागं झांज घेऊन उभा राहणारा, त्यांनी पद टाकलं की ते उचलून धरणारा. बुवा म्हणजे काय होतं हे सांगता येत नाही. उभे राहिले, चिपळ्या एकदा वाजल्या, आणि समोर बसलेल्या दोनशे माणसांना वाटायचं की आपल्या घरचंच कुणी तरी फार दिवसांनी आलं आहे. भैयाजींनी नाटकाच्या पहिल्या तालमीला त्यांना आशीर्वादासाठी आणलं. बुवांनी सगळं पाहिलं, राजा पडला, पडदा पडला, आणि बुवा उठून पडद्यामागं आले. इस्तारी अजून तसाच पडून होता, टाळ्यांची वाट बघत. बुवा म्हणाले, “भैयाजी, माझ्या आख्यानातही माणसं मरतात. पण आरतीच्या आधी मी प्रत्येकाला देवाच्या पायाशी नेऊन उभा करतो, कुणाला वाटेत टाकून मी गादीवरून उतरत नाही. तुम्ही या लेकराला मारलं आणि पडदा टाकून मोकळे झाले. आता याला परत कोण आणणार?” भैयाजी गोंधळले. बुवांनी मग केवळरामकडे बोट केलं. “पुस्तक तुझ्या हाती ना? मग तू. पडदा पडला की याला कोणी शिवायचं नाही, ओलांडायचं नाही. तू याला घरच्या नावानं हाक मारायची. राजाच्या नाही, आईनं ठेवलेल्या. तीनदा. नावात माणसाला आणायची ताकद असते रे. आम्ही आयुष्यभर दुसरं काय करतो? एक नाव घेऊन हाका मारतो.”

तेव्हापासून अकरा वर्षं. पडदा पडायचा, केवळराम पुस्तक मिटायचा आणि म्हणायचा, इस्तारी. पहिल्या हाकेला इस्तारी हलायचाच नाही, मुद्दाम. दुसरीला एक डोळा किलकिला व्हायचा. तिसरीला म्हणायचा, “येतो ना गा, पोट भरलं माणसाचं, उठाले वेळ लागते.” आणि उठायचा. हे इतक्या वेळा झालं की त्यात रीत किती आणि खेळ किती हे कुणाला सांगता आलं नसतं. पण खासरात सामान चढवायच्या घाईतही त्या तीन हाका झाल्याशिवाय कुणी त्या मंचावर पाय ठेवत नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. एकदा चुकलं.

मागच्या पौषातली मोहबोडीची मंडई. गावच्या वाटेवर वाघानं बैल मारला होता, म्हणून माणसं अंधाराच्या आत घरी पोचावीत असं ठरवून खेळ भर दुपारी लावला. उन्हात सगळं उघडं पडलं होतं. मुकुटाचा कागद कागद दिसत होता, राजाच्या गालावरची भुकटी घामानं ओघळत होती. तरी लोक बसले होते. केवळराम पडद्याच्या कडेला, डोक्यावर टॉवेल घेऊन, पुस्तक मांडीवर धरून. ताट बदललं. लाडू उचलला. आणि त्याच वेळी पाळीपलीकडच्या मारुतीच्या देवळातून चिपळ्या वाजल्या. कुणी परगावचे बुवा मंडईला आले होते. केवळरामला आधी नुसता आवाज ऐकू आला, मग त्या आवाजातला उतार. पद संपवून निरूपणाला लागण्याआधी एक श्वासाची जागा असते. गुणवंतबुवा त्या जागेत गप्प राहायचे नाहीत, तिथं एक बारीक हुंकार सोडायचे, आई पाळण्यातल्या पोराला सोडते तसा. बुवांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आणि तो हुंकार पाळीपलीकडून आला. केवळरामची मांडी हलली, हात झांज शोधायला लागला. फक्त एवढं पद, म्हणाला तो मनात, एवढं एक पद ऐकतो. ऊन अंगावर पसरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भानावर आला तेव्हा पडदा पडलेला होता, मुखरू खासराला बैल जुंपत होता, भैयाजी वाघाच्या नावानं सगळ्यांना घाई करत होते, आणि इस्तारी पेटीवर बसून राजाची चिकटवलेली दाढी उपटत होता. उठलेला. आपला आपण.  इस्तारीनं उरलेला अर्धा लाडू त्याच्यापुढं धरला. “घे, विष उरलं.” केवळरामनं घेतला आणि खाल्ला. काही बोलला नाही. काय बोलायचं होतं? समोर धडधाकट माणूस बसला होता, घामेजलेला, हसरा, एका गालाला अजून अर्धी दाढी असलेला. उद्या सांगू असं त्यानं ठरवलं, मग परवा, मग मंडया संपल्या आणि तो चांद्याला आला. चैत्र गेला. वैशाखात मोहबोडीहून माणूस आला की इस्तारीला ताप आला होता, तीन दिवस होता, आणि गेला.

त्या दिवसापासून त्यानं कीर्तन सोडलं. सोडलं म्हणजे कुणाला सांगितलं नाही, पण एकादशीला घरून निघताना देवळाची गल्ली टाळून मागच्या बोळानं जायला लागला. चिपळ्या लांबून ऐकू आल्या तरी तो वाट बदलायचा. ज्या गोडीवर आपण जन्मभर जगलो, तिच्याच नादात आपण एका माणसाला तिकडे टाकून आलो. राजाला मारलं आणि इस्तारीला परत आणलं नाही. मग तो अर्धाच उठला असेल का? पेटीवर बसून लाडू देणारा तो कोण होता? दुपारी खिळे जुळवताना, जेवताना, आशाबाई काही तरी विचारत असताना तो हेच चघळायचा, आणि त्याला माहीत होतं की हे वेड्यासारखं आहे, ताप तापानं येतो, हाकेनं येत नाही. पण माहीत असणं डोक्यात होतं आणि भीती कुठं तरी बोटांच्या टोकांत.

मूलला उतरून तीन कोस चालत तो मोहबोडीला पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाळीखालच्या बांध्यांत कापणी चालली होती. कुंताची मुलगी मैनाही तिकडेच असणार. कुंता अंगणात सावलीला बसून जाळं विणत होती, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. त्याला पाहून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला पण अंगठा सोडवला नाही.

“या भाऊ. भाऊबीजेले वाट पाह्यली, आता आले. ओवाळणी चुकवाले असा बेत करते का माणूस?”

“सुतक होतं ना वैनी.”

“सुतक मले होतं, तुमाले कायचं? बसा. पाणी त्या गुंडातून घ्या, माझा पाय गुतला हाये.” त्यानं पाणी घेतलं. गडव्यावर माशाच्या खवल्याचा एक चमकदार तुकडा चिकटला होता. “आशावैनी बऱ्या हाये? अन् तुमी असे काऊन वाळले? छापखान्यात खाले देत नाई का?”

त्यानं भैयाजींचा निरोप सांगितला. मुखरूला राजा करायचं ठरलं आहे, पहिला खेळ इथंच आहे, तुमच्या मनात नसेल तर इथला खेळ टाळू. कुंता ऐकत होती, सुई जाळ्यातून आत जात होती, बाहेर येत होती. “पाहू,” एवढंच म्हणाली.  आता. गाडीत लिहिलेलं पहिलं वाक्य त्याच्या ओठांवर आलं, आणि तो म्हणाला, “वैनी, एक सांगाचं होतं.” सांगा ना भाऊ, असं ती म्हणणार होती. ती काही म्हणाली नाही. त्याचं पान तिथंच फाटलं. मग जे आलं ते तोडकं, उलटसुलट आलं. मागच्या मंडईचं, उन्हाचं, देवळातल्या बुवाचं. “मी कीर्तन ऐकत बसलो वैनी. पडदा पडला ते मले समजलंच नाई. मी त्याले हाक नाई मारली. एकदाबी नाई. तुमाले माहीत हाये आमची रीत. अन् चार महिन्यात तो... मी सांगाले पाह्यजे होतं. तो असतानाच सांगाले पाह्यजे होतं. तुमी मले भाऊ म्हणता अन् मी तुमच्या घरचं अन्न खातो.”

कुंताची सुई थांबली. तिनं वर पाहिलं नाही. अंगठ्याला गुंतलेलं जाळं तिनं सावकाश सोडवलं, गुंडाळलं, बाजूला ठेवलं. एवढा वेळ लावला तिनं त्याला की केवळराम उठून जायच्या बेतात आला.

“मले मालूम हाये,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमी नाई मारली ते. मी पडद्यापाशीच होती ना बायकायमंधी. दरसाली तिथीच बसते. लोक खेळ पाह्यते, मी ते ऐकाले बसते. मले धीर निघत नाई भाऊ, मेलेला माणूस उठला असं कानानं ऐकल्याबिगर. त्या दिवशी पडदा पडला, मी कान देऊन बसली. काई नाई. बायका उठाले लागल्या, पोरं रडाले लागले, अन् आतून काईच नाई. मले वाटलं आता मारन, आता मारन. मंग माझ्या अंगाचं पाणी झालं.”  गालावरून पदर ओढून तिनं दातात धरला, नवरीसारखा, मग सोडला. “मी पडद्याले तोंड लावलं अन् मीच बोलावलं त्यायले.”

केवळरामला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो तिच्याकडे पाहत राहिला. सोळा-सतरा वर्षांच्या संसारात या बाईच्या तोंडून त्यानं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मैनाचे बाबा, आमचे ते, घरचे. लग्नात उखाण्यालासुद्धा तिनं नाव इतकं पुटपुटलं होतं की वऱ्हाडातल्या बायकांनी तीनदा म्हणायला लावलं, असं इस्तारीच सांगायचा.

“नावानं?”

“मंग कसं? राजे म्हणून थोडी उठन ते. तीनदा घेतलं. उठले. घरी आले अन् हसतच बसले. म्हणे, आज राणीनं बोलावलं मले, केवळ्या गेला होता देवाच्या गावाले. मी म्हटलं, कोणाले सांगाल तं भाकर नाई भेटनार. नाई सांगतलं त्यायनं कोणाले.” ती हसली असं वाटलं, पण ते हसणं नव्हतं. “मंग वैशाखात ताप आला. तिसऱ्या दिवशी मी उशाशी बसली होती अन् माझ्या डोक्यात एकच. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याचं आयुष्य उणं होते म्हणते. एकदा घेतलं तं होते. मी तं तीनदा घेतलं, मंडईत, चार लोकायमंधी. कोणाले सांगू? सासू असती तं तिनं माझं तोंडच जाळलं असतं. मैनाले सांगू का, का तुझ्या बाबाले मी खाल्लं म्हणून? सहा महिने झाले भाऊ, मी त्या देवळाची पायरी चढली नाई.”

पाळीवरून कापणीच्या बायकांचा आवाज येत होता, गाणं नव्हे, नुसतं एकमेकींना चिडवणं. केवळरामला वाटलं, आपण इतके महिने एक ओझं डोक्यावर घेऊन चालत होतो आणि तेच ओझं, तेवढ्याच वजनाचं, इथं मोहबोडीत ही बाई घेऊन बसली होती. मी नाव घेतलं नाही म्हणून तो गेला. हिनं नाव घेतलं म्हणून तो गेला. दोन्ही खरं असूच शकत नव्हतं. तो तिला समजावायला लागला, आणि बोलताबोलता त्याच्या आवाजात नकळत गुणवंतबुवांचा हेल आला, निरूपणाचा, ‘बरं का’चा. “वैनी, नाव घेतल्यानं कोणी मरते का कधी? सारे संत नाव घ्या, नाव घ्या म्हणून घसा कोरडा करून गेले. प्रेमानं घेतलेलं नाव माणसाले आणते, नेत नाई. तुमी त्याले उठवलं. जे काम माझं होतं ते तुमी केलं. देव काय इतका कोत्या मनाचा हाये, की तुमी त्याले जीवाच्या आकांतानं बोलावलं अन् तो म्हणन, लाव हिच्या खात्यात पाप?”

कुंता ऐकत होती. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, येऊ दिलं. मग म्हणाली, “नाव घेतल्यानं मरत नाई माणूस.”

“नाई.”

“मंग न घेतल्यानं कसा मरन, भाऊ?”

 एवढी वर्षं कीर्तनात उभा राहून त्यानं केवढाले शास्त्री गडबडलेले पाहिले होते, पण असं कुणी त्याला त्याच्याच शब्दात धरलं नव्हतं. आणि त्या धरण्यानंच छातीतलं काही तरी मोकळं व्हायला लागलं, आवळलेली गाठ पाण्यात भिजून सैल होते तसं. तो रडला. कुंतानं त्याला रडू दिलं. ती उठून आत गेली, चुलीवर गुळाचा चहा ठेवल्याचा आवाज आला, फडताळातून कपबशी काढल्याचा आवाज आला. इस्तारीची बंडी अजून खुंटीला होती, दारातून तिची एक बाही दिसत होती. भीती गेली होती असं नाही; फक्त ती आता एकट्याची नव्हती, आणि तिच्या जागी नुसता इस्तारी उरला होता, जो नव्हता. त्याच्या नसण्याचं दुःख करायला केवळरामला इतक्या दिवसांत सवडच मिळाली नव्हती.

चहा त्यानं बशीत ओतला. “वैनी,” तो बशीकडे पाहत म्हणाला, “कशी मारली होती हाक?”

ती उंबऱ्यावर बसली होती. आधी लाजली, चाळिशीला आलेली विधवा बाई, मान फिरवून परसाकडे पाहायला लागली. मग कुणी ऐकत नाही असं पाहून, तोंड थोडं पुढं करून, पडदा समोर आहे असं धरून तिनं म्हटलं, “इस्तारी.” हळू, पण पुरं, एकही अक्षर न गिळता. ते नाव अंगणात काही क्षण राहिलं. दोघांनीही ओ येण्याची वाट पाहिली नाही.

“बरं,” ती मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “भैयाजीले सांगा, मुखरूले उभं करा. मुकुट त्याले सैल होईन, आतून चिंधी लावा लागन. लाडू मी बांधून देते.” केवळरामनं मान हलवली. ती उंबऱ्यावरून उठली. “अन् त्याले कोण उठवन?”

त्यानं बशी खाली ठेवली. “मीच,” म्हणाला.

“मंग जराक मोठ्यानं बोलवत जा, भाऊ. आमी बायका बसतो ना तिथी, तिथवर तुमचं नीट ऐकू येत नाई.”